पूरग्रस्तांसाठीचे साहित्य-गोदाम वर्षभर चालवायचे असल्यास कोणती तयारी करावी?

येरळाकाठ (तासगाव)

सर्वांना नमस्कार. आमच्या भागातील काही गणेश मंडळे, एक सार्वजनिक वाचनालय आणि महिला बचत गट यांनी एकत्र येऊन पूरग्रस्तांसाठी दान म्हणून मिळणाऱ्या साहित्याचे एक गोदाम वर्षभर चालवावे, असा विचार सुरू आहे. तासगावला महापुराची झळ थेट बसत नाही, परंतु पलूस तालुक्यातील भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ ही गावे आणि मिरज तालुक्याचा नदीकाठ आमच्या जवळच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये इकडच्या कोरडवाहू गावांनी घराघरांतून भाकरी, धान्य आणि कपडे गोळा करून पाठवले होते.

त्या दोन्ही वेळी देणाऱ्यांचे हात कमी पडले नाहीत. गोळा झालेले साहित्य योग्य माणसापर्यंत जाण्याची व्यवस्था मात्र नव्हती. मुख्य रस्त्यालगतच्या गावात एकापाठोपाठ गाड्या रिकाम्या होत होत्या आणि मळ्यातील वस्त्यांवर काहीच पोहोचत नव्हते. म्हणून या वेळी पाणी येण्याची वाट न पाहता आधीच तयारी करावी, अशी आमची इच्छा आहे. एका बेदाणा व्यापाऱ्याने आपले पत्र्याचे बंदिस्त शेड विनामोबदला वापरायला दिले आहे.

कोणत्या वस्तू स्वीकाराव्यात आणि कोणत्या नाकाराव्यात, नोंदी कशा ठेवाव्यात, आणि कोणाला किती द्यायचे हे कोणी ठरवावे, याबद्दल ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. जुन्या कपड्यांचे काय करायचे, यावर आमच्यात सर्वाधिक मतभेद आहेत.

भांडारपाल (कोल्हापूर)

नमस्कार. सहकारी ग्राहक भांडाराच्या गोदामात माझी बरीच वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर २०१९ व २०२१ या दोन्ही पुरांत साहित्याची आवक-जावक सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे मी केवळ गोदामापुरते लिहितो.

सर्वांत आधी शेडला दोन दरवाजे आहेत का ते पाहावे. ज्या दाराने माल आत येतो त्याच दाराने तो बाहेर जाऊ लागला, की गर्दीच्या दिवशी न तपासलेली पोती तपासलेल्या पोत्यांत मिसळतात आणि मग कोणतीही नोंद खरी राहत नाही. दुसरे दार नसेल तर आतल्या जागेचे दोरी बांधून दोन भाग करावेत. आलेला माल आधी वर्गवारीच्या टेबलावर जावा, तेथे उघडून पाहिला जावा, आणि त्यानंतरच त्याची साठा नोंदवहीत आवक म्हणून नोंद व्हावी. देणाऱ्याने खोक्यावर काय लिहिले आहे यावर विसंबून नोंद करू नये, कारण ‘धान्य’ असे लिहिलेल्या खोक्यात तांदूळ, साबण आणि फिनेलची बाटली एकत्र निघते आणि तो तांदूळ मग कोणाच्याही पोटात घालण्याच्या लायकीचा राहत नाही.

बेदाण्याच्या व्यवसायातील लोकांना ओल काय करते हे सांगण्याची गरज नाही, तरीही लिहितो. पोती थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर थप्पी लावावी, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडावे आणि पत्र्याची गळती मे महिन्यातच तपासून घ्यावी. साबण, धुण्याची पावडर, फिनेल आणि जंतुनाशके यांचा कोपरा धान्यापासून शक्य तितका लांब असावा. ज्या मालाची मुदत आधी संपते तो आधी बाहेर जावा, मग तो नंतर आलेला असला तरी चालेल. यासाठी प्रत्येक थप्पीवर मुदतीचा महिना दुरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

वर्षभराचा साठा म्हणून धान्य भरून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला कीड लागते, उंदीर लागतात आणि पूर आला नाही तर ते वाया जाते. वर्षभर ठेवण्याजोग्या वस्तू वेगळ्याच आहेत: ताडपत्री, दोर, चटया, चादरी, बादल्या, झाकणाची पाण्याची पिंपे, भांड्यांचे संच, विजेऱ्या, फावडी, घमेली, खराटे, रबरी हातमोजे. पाणी उतरल्यावर घराघरांत गुडघाभर गाळ असतो, तेव्हा फावडे आणि घमेले यांची मागणी अन्नाइतकीच असते, परंतु दान करताना ते कोणाच्या मनात येत नाही. धान्य, डाळ, तेल यांच्यासाठी घाऊक व्यापाऱ्याशी आधी बोलून दर ठरवून ठेवावा आणि वेळ आल्यावरच माल उचलावा.

ती वेळ कोणती, हेही आधी ठरवता येते. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ या पातळ्या ३९ आणि ४३ फूट आहेत. पाण्याने इशारा पातळी गाठली की गोदामाच्या किल्ल्या असलेल्या व्यक्तींनी तेथे हजर व्हायचे, व्यापाऱ्याला मागणी द्यायची आणि वाहनमालकांना कळवायचे. धोका पातळी ओलांडली की पहिली गाडी भरायला घ्यायची. त्या दिवशी बैठक घेऊन निर्णय करण्यास वेळ नसतो. २०१९ मध्ये पुलाची शिरोली येथे महामार्गावर पाणी आले आणि कोल्हापूरकडे येणारी वाहने कित्येक दिवस अडकून पडली होती. ज्या गावांचे रस्ते आधी बंद होतात, त्यांच्यासाठीची गाडी रस्ता सुरू असतानाच निघाली पाहिजे.

शेवटची सूचना हमालांविषयी आहे. स्वयंसेवक पहिले दोन दिवस उत्साहाने पोती उचलतात आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरून बसतात. थप्पी लावणे हे कसबाचे काम आहे. त्यासाठी बाजार समितीतील हमाल बोलवावेत आणि त्यांना त्यांची पूर्ण हमाली द्यावी. सेवाकार्य आहे म्हणून त्यांच्याकडून फुकट काम करून घेणे मला कधीही पटलेले नाही.

पंचगंगेची लेक (शिरोळ तालुका)

मी नदीकाठच्या गावात राहते आणि महिला बचत गटांसोबत काम करते, त्यामुळे आलेले साहित्य घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. भांडारपाल काकांनी गोदामाविषयी लिहिलेले सर्व योग्य आहे. परंतु गोदाम भरण्याआधी एक काम करावे लागते, आणि ते केल्याशिवाय उरलेली सर्व मेहनत वाया जाण्याचा धोका आहे. ज्या गावांना मदत द्यायची आहे त्या प्रत्येक गावात आत्ता, उन्हाळ्यातच, दोन-तीन माणसे निश्चित करावीत आणि गावाची यादी त्यांच्याकडून तयार करून घ्यावी. त्यात आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका अवश्य असावी, कारण कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणते आजोबा अंथरुणाला खिळून आहेत आणि कोणत्या वस्तीवर किती मुले आहेत, हे त्यांना तोंडपाठ असते.

शासनाची मदत पंचनाम्यावर चालते आणि पंचनामा घरावर व शिधापत्रिकेवर चालतो. त्यामुळे भाड्याने राहणारी कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, शेतात खोपट घालून राहिलेले सालगडी, आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या पण स्वतःच्या नावाची शिधापत्रिका नसलेल्या स्त्रिया यादीबाहेर राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. २०१९ मध्ये सुरुवातीच्या शासन निर्णयात क्षेत्र दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली असले पाहिजे अशी अट होती आणि तिच्यावर मोठी टीका झाली. शासनाला काहीतरी नियम लावावा लागतो हे मान्य केले, तरी तुमच्या गोदामावर तसे बंधन नाही. शासनाच्या यादीतून जे सुटतात त्यांच्यासाठीच असे गोदाम असावे, असे मला मनापासून वाटते. म्हणून वाटप करताना आधारपत्र किंवा शिधापत्रिका मागू नये. ज्याचे घर वाहून गेले त्याची कागदपत्रेही त्याच पाण्यात गेलेली असतात.

आता धान्याविषयी. त्या पुरात शासनाने दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत देण्याचे जाहीर केले होते. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला साधारण दोन किलो धान्य लागते असे धरले, तर ते दहा दिवस पुरते. परंतु गावातली गिरणी पाण्यात असेल आणि वीज नसेल, तर त्या गव्हाचे करायचे काय? त्या दिवसांत गव्हाऐवजी पीठ लागते. पीठ दमट हवेत फार टिकत नाही, म्हणून ते साठवू नये. तासगावच्या गिरण्यांत आदल्या दिवशी दळून दुसऱ्या दिवशी पाठवावे, ज्वारीचे थोडे अधिक आणि गव्हाचे थोडे कमी. सोबत तूरडाळ, गोडेतेल, मीठ, चटणी, हळद, चहापूड, साखर आणि काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यावी. काडेपेटी विसरली तर बाकीचा शिधा तसाच पडून राहतो. पाणी उतरण्याआधीच्या दिवसांत मात्र कोरडा शिधा उपयोगाचा नाही, कारण निवारा केंद्रात शाळेच्या एका खोलीत अनेक कुटुंबे असतात आणि चूल मांडायला जागा नसते. तेव्हा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर द्यावेत.

कपड्यांविषयी तुमच्यात मतभेद आहेत असे आपण लिहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते, कारण मच्छीमार कुटुंबांनी ते घेण्यास नकार दिला. तो नकार मला पूर्णपणे योग्य वाटतो. सर्वस्व गेलेल्या माणसाला दुसऱ्याचा फाटका सदरा घालायला सांगणे हा त्याचा अपमान आहे. तरीही जुने कपडे सरसकट नाकारावेत असे मी म्हणणार नाही. दिल्लीची ‘गूंज’ ही संस्था १९९९ पासून याच कामात आहे आणि तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे कपडे तपासून, दुरुस्त करून, मापाप्रमाणे वेगळे केले जातात, गावकऱ्यांनी स्वतःच्या गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून ते दिले जातात, आणि जे घालण्याजोगे नाहीत त्या सुती कापडापासून पाळीसाठीचे पॅड व इतर वस्तू बनवल्या जातात. इतकी मेहनत घेण्याची तयारी असेल तरच जुने कपडे घ्यावेत. नसेल तर फक्त नवे कपडे घ्यावेत आणि त्यातही परकर, ब्लाऊज, अंतर्वस्त्रे, लहान मुलांच्या चड्ड्या, लुंगी आणि टॉवेल यांना प्राधान्य द्यावे. साड्या पुष्कळ येतात, पण साडीसोबत परकर कोणी देत नाही, आणि ओल्या अंगाने चार दिवस काढलेल्या बाईने तो मागायचा तरी कोणाकडे? सॅनिटरी पॅड देताना ते कागदाच्या पिशवीत घालून बाईनेच बाईच्या हातात द्यावेत.

औषधनिर्माता (मिरज)

औषधांविषयी एक गंभीर सूचना करतो. घरात उरलेली औषधे गोदामात अजिबात स्वीकारू नयेत, मग ती कितीही चांगल्या भावनेने दिलेली असोत. अर्धवट वापरलेल्या पट्टीवर मुदत आणि नाव दोन्ही फाटलेले असते आणि घाईत कोणाच्या हातात काय जाईल याचा भरवसा नसतो. शिवाय औषधांचा साठा व वाटप हे परवान्याचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत रुग्णाला आधी दिलेली आणि परत आलेली औषधे दान करू नयेत, तसेच दान पोहोचेल तेव्हा औषधाची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी, असे म्हटले आहे. देणाऱ्यांना नकार देताना हा आधार सांगता येईल.

पुरात खरी अडचण रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड आणि फिट्स यांच्या रोजच्या गोळ्यांची होते. गोळ्या वाहून जातात, चिठ्ठीही जाते, आणि इन्सुलिन असले तरी वीज नसल्याने ते थंड ठेवता येत नाही. यासाठी पुराच्या पाण्याबाहेरच्या एखाद्या औषध दुकानाशी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे. अधिकाऱ्यांनी चिठ्ठी द्यावी, दुकानदाराने औषध द्यावे, आणि बिल आपल्या निधीतून भागवावे. लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाणी व गाळातून होणारा तापाचा रोग) टाळण्याच्या गोळ्याही शासकीय यंत्रणेकडूनच जाव्यात, आपण वाटू नयेत. तुम्ही गाळ काढणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे पुरवलेत तर त्या रोगाचा धोका कमी होण्यास मोठी मदत होईल.

लहान बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या फार येतात. १९९२ च्या कायद्यानुसार आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांचे दान किंवा वाटप अनाथालयांखेरीज कोणालाही करता येत नाही. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे: गढूळ पाण्यात कालवलेली पावडर आणि नीट न उकळलेली बाटली बाळाला अतिसार देते, आणि दरम्यान अंगावर पाजणे बंद झाल्यामुळे आईचे दूध आटते. अशा आयांना स्वतःला पुरेसे खाणे आणि बसण्यासाठी आडोसा मिळाला, तर बाळाची काळजी त्या स्वतः घेतात.

बाटलीबंद पाण्याचाही पुनर्विचार करावा. पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागते, असे मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे हजार वस्तीच्या गावाला रोज पंधरा हजार लिटर. एवढे पाणी बाटल्यांतून पुरवणे शक्य नाही. पहिल्या एक-दोन दिवसांपुरत्या बाटल्या ठेवून पुढे टँकर, झाकणाची पिंपे आणि मेडिक्लोर (पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनचे द्रावण) यांवर भर द्यावा. गावाच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याचे काम ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यालाच करू द्यावे.

जमाखर्च (सांगली)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. वस्तू गोळा करण्यापेक्षा पैसे गोळा करावेत आणि पूर ओसरल्यावर जवळच्या बाजारातून खरेदी करावी. पुरात किराणा दुकानदारही बुडालेला असतो. बाहेरून फुकट धान्याच्या गाड्या येत राहिल्या, तर त्याचे दुकान उघडल्यावरही गिऱ्हाईक येत नाही. शिवाय वस्तू आणणे, निवडणे, साठवणे आणि वाहून नेणे यांचा खर्च कोणीच मोजत नाही.

हिशेबाच्या दृष्टीने काही गोष्टी सांगतो. आपल्या गटाची नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ सी खालील परवानगी घ्यावी. गणेश मंडळांना ही पद्धत माहीत असेलच. वर्षभर काम करायचे असेल तर न्यासाची रीतसर नोंदणी करणे अधिक चांगले. देणगीवरील आयकर सवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) वस्तुरूप दानाला मिळत नाही आणि दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीलाही मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगावे, म्हणजे नंतर गैरसमज होत नाहीत. प्रत्येक आवकीची पावती आणि प्रत्येक जावकीचे चलन असावे, आणि चलनावर गावातील निदान दोन व्यक्तींची पोच असावी. महिन्याचा हिशेब वाचनालयाच्या फलकावर लावावा.

पाकिटांवर कोणाचेही नाव किंवा छायाचित्र छापू नये. २०१९ मध्ये धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवल्यावरून राज्यभर जी टीका झाली ती सर्वांना आठवत असेल. हाच नियम देणगीदारांनाही लावावा, आणि वाटप करताना घेणाऱ्यांची छायाचित्रे काढण्यास ठाम नकार द्यावा.

पंचगंगेची लेक (शिरोळ तालुका)

पैशाविषयीचे आपले म्हणणे पाणी उतरल्यानंतरच्या काळासाठी मला पूर्ण मान्य आहे. आमच्या गावातील दुकानदारांनी पुन्हा माल भरला तेव्हा त्यांच्याकडूनच शिधा घेऊन वाटला असता, तर दोघांचेही भले झाले असते. परंतु पाणी गावात असताना दुकान बंद असते, पैसे काढण्याची यंत्रे चालत नाहीत आणि हातातल्या नोटेची ताडपत्री होत नाही. त्या चार-सहा दिवसांसाठी कोरड्या जागेत ठेवलेली वस्तूच कामाला येते. म्हणून गोदाम लहान ठेवावे, फक्त त्या दिवसांपुरते, आणि उरलेले सर्व पैशांच्या रूपात ठेवावे, असा मध्यममार्ग सुचवते.

वाटपासाठी रांग लावू नये, हे लिहायचे राहिले होते. रांगेत धडधाकट माणसे पुढे येतात. आदल्या दिवशी यादीप्रमाणे घरोघरी चिठ्ठ्या द्याव्यात, दुसऱ्या दिवशी वस्तीनिहाय वेळ ठरवून साहित्य द्यावे, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी नेऊन पोहोचवावे. यादीत नसलेला माणूस आला तर त्याला परत पाठवू नये. प्रत्येक गाडीत थोडे संच त्याच्यासाठी वेगळे ठेवावेत.

येरळाकाठ (तासगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या बैठकीत हे सर्व वाचून दाखवले. जुने कपडे न घेण्याचे ठरले आहे. औषधे आणि दूध पावडर यांचाही निर्णय झाला. गावनिहाय यादीचे काम बचत गटांच्या महिलांनी स्वतःहून मागून घेतले असून सुरुवात पलूस तालुक्यातील गावांपासून होईल. वर्गणीपैकी मोठा भाग बँकेत राहील आणि गोदामात केवळ टिकाऊ वस्तू राहतील.

एक शंका उरली आहे. जनावरांचे काय करावे? आमच्याकडे ज्वारीचा कडबा मिळतो आणि अनेक शेतकरी तो देण्यास तयार आहेत. तो याच शेडमध्ये ठेवावा का?

भांडारपाल (कोल्हापूर)

कडबा त्या शेडमध्ये ठेवू नये. एका ठिणगीने शेडमधील सर्व साहित्य जाईल, आणि कडब्याबरोबर उंदीरही येतील. ज्या शेतकऱ्याने कडबा देऊ केला आहे त्याच्याच गंजीत तो राहू द्यावा आणि आपल्या वहीत फक्त शेतकऱ्याचे नाव, गाव आणि पेंढ्यांची संख्या लिहून ठेवावी. मागणी आली की ट्रॅक्टर थेट गंजीकडे जाईल. पूरग्रस्त भागातील जनावरे बहुधा उंचावरच्या एखाद्या छावणीत एकत्र बांधलेली असतात, तेव्हा कडबा घरोघरी न देता छावणीवर उतरवावा आणि पोच छावणी सांभाळणाऱ्यांकडून घ्यावी. बुडालेल्या उसाचे वाडे (शेंड्याकडचा हिरवा पाला) जनावरांना घालण्याची वेळ येऊ नये, म्हणून कडब्याची पहिली फेरी शिध्याच्या पहिल्या गाडीबरोबरच निघाली पाहिजे. दुभती जनावरे सोडून माणसे घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे जनावरांची सोय आधी झाली तर गाव रिकामे करणेही सोपे जाते. पशुखाद्याची पोती मात्र शेडमध्ये चालतील, ती धान्यापासून वेगळ्या थप्पीत ठेवावीत.